वाचकांचे प्रश्न : सरकारी खटले, वकिलांची फी आणि नस्तीवरचे कारण

सरकारच्या वतीने न्यायालयात उभे राहणाऱ्या वकिलांची निवड कशी होते आणि त्यांच्या फीचा खर्च कोणत्या खात्यातून भागवला जातो, या विषयावर वाचकांची बरीच पत्रे आली आहेत. त्यांपैकी काही पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि लिहिणाऱ्यांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : राज्याला महाधिवक्ता आहेत, उच्च न्यायालयात सरकारी वकिलांचे भले मोठे कार्यालय आहे, मंत्रालयात स्वतंत्र विधी व न्याय विभाग आहे. इतकी फौज पदरी असताना गाजलेल्या प्रकरणांत दिल्लीहून ज्येष्ठ वकील बोलावले जातात आणि त्यांच्या एकेका सुनावणीचे आकडे वर्तमानपत्रांत झळकतात. हा खर्च कोणत्या अधिकारात होतो आणि त्याला काही धरबंध आहे की नाही? — एक निवृत्त मुख्याध्यापक, वाई

उत्तर : आपण जिला फौज म्हणता तिची रचना आधी पाहू, कारण तिच्यातले बहुतेक जण सरकारी नोकर नाहीत. महाधिवक्त्यांचे पद संविधानाच्या अनुच्छेद १६५ खाली निर्माण झाले आहे. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्यास पात्र असलेल्या व्यक्तीची त्या पदावर राज्यपाल नेमणूक करतात आणि राज्यपालांची मर्जी असेपर्यंत ती व्यक्ती पदावर राहते. अनुच्छेद १७७ नुसार महाधिवक्त्यांना विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत बोलता येते, मात्र मतदान करता येत नाही. त्यांच्या खालोखाल उच्च न्यायालयातील सरकारी वकील, अतिरिक्त व सहायक सरकारी वकील आणि पॅनेलवरील समुपदेशी, म्हणजे सरकारच्या यादीवरील वकील, येतात, तर जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा सरकारी वकील व त्यांचे सहकारी असतात. या सर्वांच्या नेमणुका, सेवेच्या अटी आणि मोबदला ठरवण्यासाठी महाराष्ट्रात १९८४ चे विधी अधिकाऱ्यांविषयीचे नियम आहेत आणि कारभार विधी व न्याय विभागाकडे, म्हणजे विधि परामर्शींच्या कार्यालयाकडे असतो. थोडक्यात, ही मंडळी खासगी व्यवसाय करणारे वकीलच असतात आणि ठरावीक मुदतीसाठी, ठरवून दिलेल्या दराने सरकारचे काम पाहतात.

बाहेरचा वकील नेमणे ही अलीकडची फॅशन आहे, असा अनेकांचा समज दिसतो. तो बरोबर नाही. केशवानंद भारती खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर केरळ राज्याची बाजू मांडली ती एच. एम. सिरवई यांनी, आणि ते तेव्हा महाराष्ट्राचे महाधिवक्ता होते. केरळलाही स्वतःचे महाधिवक्ता होते. पण संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराचा प्रश्न तेरा न्यायाधीशांच्या पीठासमोर येणार असेल, तर त्या विषयात हयात घालवलेल्या माणसाला उभे करावे असे एखाद्या राज्याला वाटले, यात वावगे काही नाही. सीमाप्रश्नावर महाराष्ट्राने अनुच्छेद १३१ खाली २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा किंवा मराठा आरक्षणाची प्रकरणे, ज्यांतील एका टप्प्याचा निकाल ५ मे २०२१ रोजी राज्याच्या विरोधात गेला, हीदेखील याच जातकुळीची आहेत.

सर्वोच्च न्यायालयाची रीत आणखी वेगळी आहे. तेथे प्रकरण दाखल करण्याचा अधिकार फक्त ‘ॲडव्होकेट ऑन रेकॉर्ड’ म्हणून नोंदणी झालेल्या वकिलाला असतो, आणि ज्येष्ठ अधिवक्ता म्हणून नामनिर्देशित झालेल्याला स्वतः वकीलपत्र दाखल करता येत नाही, दुसऱ्या वकिलाला सोबत घेऊनच त्याला उभे राहावे लागते. त्यामुळे एका प्रकरणाच्या खर्चात ज्येष्ठांची प्रत्येक सुनावणीची फी, सुनावणीआधीच्या चर्चेची फी, दाखल करणाऱ्या वकिलाचे मसुदालेखनाचे शुल्क, कारकुनी खर्च, शिवाय मुंबईहून कागदपत्रे घेऊन गेलेल्या अधिकाऱ्यांचा प्रवास असे अनेक भाग एकत्र येतात. वर्तमानपत्रांत येतो तो यांतला पहिला आकडा.

आता पैशांविषयी. राज्याच्या अर्थसंकल्पात न्यायदानाचे मुख्य लेखाशीर्ष २०१४ आहे. हे वर्ष नव्हे, लेखाशीर्षाचा क्रमांक आहे, आणि हा घोळ अनेकांचा होतो. त्याखालील ११४ हे गौण शीर्ष ‘कायदेविषयक सल्लागार व समुपदेशी’ यांच्यासाठी असते. आपण एवढेच शीर्ष पाहिलेत, तर सरकारचा वकिलांवरचा सगळा खर्च दिसला असे मात्र समजू नका. महामंडळे, प्राधिकरणे, विद्यापीठे, महापालिका आणि जिल्हा परिषदा आपापल्या निधीतून स्वतंत्रपणे वकील नेमतात, आणि प्रशासकीय विभागांनी परस्पर केलेला काही खर्च ‘व्यावसायिक सेवा’ या खर्चाच्या शीर्षाखाली सल्लागारांच्या देयकांबरोबर मिसळून जातो. केंद्राचे आकडे त्या मानाने सहज सापडतात. कायदा मंत्रालयाने लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार केंद्राचा खटल्यांवरचा खर्च २०१४-१५ मध्ये सुमारे २६ कोटी रुपये होता, तो २०२३-२४ मध्ये सुमारे ६६ कोटींवर गेला. मधली करोनाची दोन वर्षे सोडली, तर आलेख चढताच आहे.

धरबंधाचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. उत्तर प्रदेश सरकारने फेब्रुवारी १९९० मध्ये एका परिपत्रकाने राज्यातील सर्व जिल्ह्यांमधल्या सरकारी वकिलांच्या नेमणुका एकदम संपवल्या. त्यावर श्रीलेखा विद्यार्थी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले आणि नेमणूक कराराची असली तरी सरकारला मनमानी करता येत नाही, समानतेचे तत्त्व तेथेही लागू होते, असे बजावले. पुढे काही निकालांत ‘वकील निवडणे हा पक्षकाराचा, म्हणजे सरकारचा, अधिकार आहे’ या बाजूला झुकते माप मिळाले. मग ३० मार्च २०१६ रोजी पंजाब राज्य विरुद्ध ब्रिजेश्वरसिंग चहल या प्रकरणात न्यायालयाने पंजाब व हरियाणातील नेमणुकांची चिरफाड केली. गरज किती याचा अंदाज न घेता, निवडीचे निकष न ठरवता आणि उमेदवाराच्या कामाची तपासणी न करता नेमलेले वकील जनतेच्या पैशावर ठेवता येणार नाहीत, अशी भूमिका घेऊन न्यायालयाने निवड समितीची आणि पारदर्शक पद्धतीची गरज सांगितली. त्या दोन्ही राज्यांनी यानंतर विधी अधिकाऱ्यांच्या नेमणुकीसाठी स्वतंत्र कायदे केले, हरियाणाने २०१६ मध्ये आणि पंजाबने २०१७ मध्ये.

हे सगळे नियमित नेमणुकांना लागू पडते. एखाद्या प्रकरणापुरता बाहेरचा ज्येष्ठ वकील बोलावताना मात्र सगळा भार नस्तीवरच्या, म्हणजे सरकारी फाइलमधल्या, टिपणीवर येतो. पॅनेलवरील कोणालाही हे प्रकरण का देता येत नाही, दर कसा ठरला, किती सुनावण्यांचा अंदाज आहे, आणि वरची मर्यादा किती, या चार गोष्टी त्या टिपणीत लिहिलेल्या असतील, तर खर्च मोठा असला तरी तो समर्थनीय ठरतो. त्या नसतील, तर लहान रक्कमही खटकली पाहिजे. शासन निर्णयात बहुधा वकिलाचे नाव, प्रकरणाचा क्रमांक आणि दर एवढेच येते. कारण येत नाही, आणि वादाचे मूळ माझ्या मते तेथेच आहे.

प्रश्न : आमची जमीन तलावासाठी जुन्या कायद्याखाली संपादित झाली. दिवाणी न्यायालयाने मोबदला वाढवून दिला. दोन वर्षे काही हालचाल नाही आणि मग सरकारने विलंब माफीच्या अर्जासह अपील केले. आमचे वकील म्हणतात की सरकारच्या वकिलाला या अपिलात फार थोडे पैसे मिळतात. मग हे अपील सरकारला परवडते कसे? — एक शेतकरी, मोहोळ तालुका

उत्तर : आपल्या वकिलांचे म्हणणे खरे आहे आणि आपला प्रश्न तर त्याहून मार्मिक आहे. अशा अपिलांत वकिलाच्या फीकडे पाहण्यात अर्थच नसतो, खरा खर्च व्याजाचा असतो. १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम २८ नुसार न्यायालयाने वाढवलेल्या रकमेवर, ताबा घेतल्यापासून पहिल्या वर्षी ९ टक्के आणि त्यानंतर रक्कम न्यायालयात जमा होईपर्यंत १५ टक्के दराने व्याज द्यावे लागते. नव्या, २०१३ च्या, कायद्यातही हेच दर आहेत. समजा, वाढीव रक्कम २० लाख रुपये आहे आणि ती ताब्यानंतर नऊ वर्षांनी जमा झाली. पहिल्या वर्षाचे व्याज १ लाख ८० हजार आणि पुढच्या आठ वर्षांचे २४ लाख, म्हणजे मुद्दलापेक्षाही अधिक, एकूण २५ लाख ८० हजार रुपये व्याजापोटी द्यावे लागतील. कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाईपर्यंत दरमहा २५ हजार रुपये चढत असतात. सरकारी वकिलाची त्या अपिलातील फी या रकमेपुढे किस पेडकी पत्ती.

ही दोन वर्षे कोठे जातात, हेही पाहण्यासारखे आहे. निकालाची प्रत मिळाल्यावर जिल्हा सरकारी वकील अपील करावे की नाही यावर आपले मत देतात. ते मत भूसंपादन अधिकाऱ्यांकडे जाते, तेथून जिल्हाधिकारी कार्यालयात, तेथून ज्या यंत्रणेसाठी जमीन घेतली त्या यंत्रणेकडे, कारण पैसे तिला द्यायचे असतात, आणि मग विधी व न्याय विभागाकडे. मंजुरी आली की उच्च न्यायालयातील सरकारी वकील कार्यालय मसुद्यासाठी मूळ कागद आणि परिच्छेदनिहाय अभिप्राय मागते. अभिप्राय तयार करणारा लिपिक तोवर बदलून गेलेला असतो आणि नवा माणूस सातबाऱ्यापासून सुरुवात करतो. या प्रवासात कोणीही जाणूनबुजून दिरंगाई केलेली नसते, आणि म्हणूनच कोणावर जबाबदारीही येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने या प्रकाराला एक नाव दिले आहे. मध्य प्रदेश राज्य विरुद्ध भेरुलाल या प्रकरणात ६६३ दिवसांचा विलंब होता. १५ ऑक्टोबर २०२० च्या आदेशात न्यायालयाने अशा प्रकरणांना ‘प्रमाणपत्र खटले’ म्हटले. जिंकण्याची आशा नसते, पण ‘सर्वोच्च न्यायालयानेच फेटाळले, आता आमचा इलाज नाही’ असे प्रमाणपत्र नस्तीला लागले की अधिकारी निर्धास्त होतात, असा त्याचा अर्थ. न्यायालयाने २५ हजार रुपयांचा खर्च बसवला आणि तो जबाबदार अधिकाऱ्यांकडून वसूल करण्यास सांगितले. त्याआधी २०१२ मध्ये टपाल खात्याच्या एका प्रकरणातही ४२७ दिवसांचा विलंब माफ करण्यास नकार देताना, सरकारसाठी मुदतीचा कायदा वेगळा नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले होते.

तेव्हा आपल्या वकिलांना विलंब माफीच्या अर्जाला तारखेनुसार उत्तर द्यायला सांगावे. प्रत्येक टप्प्याला किती दिवस लागले याचा तक्ता त्या अर्जातच बहुधा असतो आणि त्यातल्या मोकळ्या जागा बोलक्या असतात. अर्ज मंजूर झाला आणि सरकारने निकालाला स्थगिती मागितली, तर वाढीव रक्कम न्यायालयात जमा करण्याची अट घालावी अशी विनंती करता येते. अपील दाखल झाले म्हणून निकालाला आपोआप स्थगिती मिळत नाही. रक्कम जमा झाली की त्या तारखेपासून व्याज थांबते, हे सरकारच्याही हिताचे आहे, आणि जमा रकमेपैकी काही भाग हमी देऊन काढून घेण्याची परवानगी आपल्याला मागता येते.

प्रश्न : आमच्या नगरपरिषदेत पाच दिवे घ्यायचे तरी दरपत्रके मागवावी लागतात. वकिलाची नेमणूक मात्र मुख्याधिकारी थेट करतात. वकिलांसाठी निविदा का काढत नाहीत? आणि ‘खटला जिंकलात तर अमुक टक्के’ अशा अटीवर वकील नेमला तर पालिकेचे पैसे वाचणार नाहीत का? — नगरपरिषदेचे एक माजी सदस्य, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येते : तसे करता येत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार निकालावर अवलंबून असलेली फी ठरवणे किंवा वादातील रकमेत वाटा घेणे हे वकिलाला वर्ज्य आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९५४ सालीच एका ज्येष्ठ वकिलाच्या प्रकरणात अशा कराराला व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे.

पहिल्या प्रश्नात तथ्य आहे. वकिलाने काम मिळवण्यासाठी जाहिरात किंवा याचना करू नये असा त्याच बार कौन्सिलचा नियम आहे, त्यामुळे कमीत कमी दर भरणाऱ्याला काम, ही निविदेची पद्धत या व्यवसायाशी जुळत नाही. शिवाय दिव्याचा दर्जा तपासता येतो, युक्तिवादाचा दर्जा निकाल लागेपर्यंत कळत नाही आणि कधी कधी त्यानंतरही कळत नाही. पण निविदा नको म्हणजे निवडीची पद्धतच नको, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. पालिकेने जाहीर सूचना देऊन इच्छुकांचे अर्ज मागवावेत, अनुभवाची अट ठरवावी, फीचा तक्ता आपण स्वतः ठरवून आधीच प्रसिद्ध करावा, आणि मग पॅनेलवरील वकिलांना प्रकरणे वाटावीत. यात वकिलाला दरात स्पर्धा करावी लागत नाही आणि पालिकेलाही कोणाची मर्जी राखावी लागत नाही. महापालिकांच्या कायद्यांत दावे दाखल करणे, तडजोड करणे आणि कायदेशीर सल्ला घेणे यांविषयी आयुक्त व स्थायी समिती यांच्यातील अधिकारांची वाटणी दिलेली आहे, त्यामुळे मोठ्या शहरांत निदान विधी विभागाची चौकट तरी असते. लहान पालिकांत सगळे मुख्याधिकाऱ्यांच्या सवयीवर चालते, हे आपले निरीक्षण बरोबर आहे.

फीचा तक्ता ठरवताना एक गोष्ट विचारात घ्यावी. प्रत्येक हजेरीला पैसे दिले, तर तारीख पुढे गेली तरी देयक निघते. संपूर्ण प्रकरणाला एकरकमी पैसे दिले, तर प्रकरण लांबले की वकिलाचा रस कमी होतो. मला स्वतःला टप्प्यांची पद्धत पटते, म्हणजे लेखी कैफियत दाखल झाल्यावर काही रक्कम, पुरावा संपल्यावर काही, आणि अंतिम युक्तिवाद व निकालाची प्रत पालिकेत पोहोचल्यावर उरलेली. शेवटच्या हप्त्याला निकालाची प्रत जोडण्याची अट घातली की अपिलाची मुदत टळण्याचे निम्मे प्रकार थांबतील.

वकिलाने सरकारला दिलेल्या सेवेवर वस्तू व सेवा कर माफ आहे आणि स्थानिक स्वराज्य संस्थाही त्या माफीत येतात. त्यामुळे पालिकेच्या देयकांत हा कर वेगळा लावलेला दिसला, तर लेखापालांना जरूर विचारावे.

जाता जाता, दर आणि दर्जा यांचे नाते नेहमी सरळ असते असेही नाही. कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात २०१७ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयासमोर भारताची बाजू मांडण्यासाठी हरीश साळवे यांनी एक रुपया फी घेतल्याचे तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी जाहीर केले होते. असे दाखले मनाला सुखावतात, मात्र त्यांवर पालिकेचे धोरण बेतता येणार नाही.

प्रश्न : कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्यापासून आमच्याकडे सरकारी वकिलांच्या नेमणुकांची चर्चा आहे. माझा आठ वर्षांचा व्यवसाय आहे. कोणाची शिफारस नसताना या कामासाठी अर्ज कोठे करावा? — एक वकील, इचलकरंजी

उत्तर : आधी कोणते काम हवे ते ठरवावे, कारण बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या या पदांचे रस्ते वेगवेगळे आहेत. दंडाधिकारी न्यायालयांत सरकार पक्षाचे काम पाहणारे सहायक सरकारी अभियोक्ता हे नियमित, पगारी पद आहे. त्याची भरती महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत परीक्षेने होते आणि ते गृह विभागाच्या अखत्यारीतील अभियोग संचालनालयाकडे असते. तेथे शिफारशीचा प्रश्न येत नाही, मात्र खासगी व्यवसाय सोडावा लागतो.

सत्र न्यायालयातील सरकारी अभियोक्ता व्हायचे असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १८ पाहावे. किमान सात वर्षांचा व्यवसाय ही पात्रता आहे, म्हणजे आपण ती पूर्ण करता. जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी सत्र न्यायाधीशांशी विचारविनिमय करून नावांचे पॅनेल तयार करावे आणि सरकारने त्यातून नेमणूक करावी, अशी त्या कलमाची योजना आहे. याच कलमाखाली एखाद्या खटल्यापुरता विशेष सरकारी वकीलही नेमता येतो, त्यासाठी दहा वर्षांचा व्यवसाय लागतो. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्याच्या खटल्यात उज्ज्वल निकम होते ते याच नात्याने. अशा नेमणुका तक्रारदाराने मागितल्या म्हणून सरसकट करू नयेत, त्यासाठी कारण हवे, आणि मोबदला सामान्यतः सरकारी तिजोरीतून जावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये मुकुल दलाल प्रकरणात महाराष्ट्राच्याच नियमांची तपासणी करताना म्हटले होते.

कोल्हापूर बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचे काम पाहते. तेथील सरकारी वकील कार्यालयातील सहायक व पॅनेलच्या नेमणुका विधी व न्याय विभाग करतो. विभागाच्या संकेतस्थळावरील जाहिराती नियमित पाहाव्यात, आणि अर्जाला निकालपत्रांच्या अशा प्रती जोडाव्यात ज्यांत आपण स्वतः युक्तिवाद केल्याची नोंद आहे. चहल निकालानंतर कामाचा पुरावा मागणे हे सरकारचे कर्तव्य ठरले आहे. आपण तो न मागता दिलात, तर निदान नाकारणाऱ्याला नस्तीवर काहीतरी लिहावे लागेल. शिफारशी बंद झाल्या आहेत असे मी सांगणार नाही, आपणही त्यावर विश्वास ठेवणार नाही.

प्रश्न : आमच्या सरपंचांविरुद्ध अतिक्रमणाच्या कारणावरून अपात्रतेचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे चालू आहे. त्यांच्या वकिलाची फी ग्रामनिधीतून दिल्याचे मासिक सभेत समजले. हे चालते का? — ग्रामपंचायत सदस्य, नाशिक जिल्हा

उत्तर : ग्रामपंचायत पक्षकार असलेला दावा, उदाहरणार्थ गायरानाचा किंवा कराच्या वसुलीचा, ग्रामनिधीतून लढवणे योग्य आहे. अपात्रतेच्या प्रकरणात प्रश्न त्या व्यक्तीच्या सदस्यत्वाचा असतो. सरपंच गेले तरी ग्रामपंचायत राहते, त्यामुळे तो खर्च गावाचा म्हणून दाखवणे अवघड आहे. ज्या ठरावाने फी मंजूर झाली त्याची प्रत घ्यावी, त्या सभेत आपण हजर असाल तर आपला विरोध कार्यवृत्तात नोंदला आहे का ते पाहावे, आणि गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करून तिची प्रत स्थानिक निधी लेखापरीक्षा कार्यालयाला द्यावी. लेखापरीक्षणात आक्षेप आला की रक्कम वसुलीचा प्रश्न आपोआप पुढे येतो.

प्रश्न : एका महामंडळाने तीन वर्षांत बाहेरच्या वकिलांना किती फी दिली, हे मी माहिती अधिकारात विचारले. ‘वकील व पक्षकार यांच्यातील माहिती गोपनीय असते, तसेच ही वकिलांची वैयक्तिक माहिती आहे’ असे उत्तर आले. आता काय करावे? — एक वाचक, ठाणे

उत्तर : आलेल्या उत्तरात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या आहेत. वकिलाने पक्षकाराला दिलेला सल्ला आणि त्यासाठी झालेला पत्रव्यवहार यांना कायद्याचे संरक्षण आहे आणि चालू खटल्यात ते असायलाच हवे, नाहीतर सरकारची बाजू समोरच्याला आधीच कळेल. फीची रक्कम हा सल्ला नव्हे. ते सार्वजनिक निधीतून दिलेले देयक आहे. माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ सार्वजनिक प्राधिकरणांना अर्थसंकल्प आणि प्रत्यक्ष खर्चाचा अहवाल न मागताही प्रसिद्ध करायला सांगते. वैयक्तिक माहितीविषयीच्या कलम ८(१)(ञ) ची शब्दरचना २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अधिक कडक केली आहे, हे खरे. पण व्यापक लोकहित संरक्षित हितापेक्षा मोठे असेल तर माहिती देता येते, हे कलम ८(२) तसेच आहे, आणि अपिलात त्याचाच आधार घ्यावा. कलम १० नुसार नाकारण्याजोगा भाग वगळून उरलेली माहिती देता येते, हेही त्यात लिहावे.

अपील करतानाच एक नवा अर्जही टाकावा, कारण पहिल्या अर्जात प्रश्न थोडा मोघम झाला असावा असे वाटते. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, त्यावर १० रुपयांचा न्यायालयीन मुद्रांक लावतात. त्यात फीची बेरीज मागण्यापेक्षा अमुक आर्थिक वर्षात बाहेरील वकिलांच्या नेमणुकीस मंजुरी देणारे आदेश, त्यामागील टिपणीची पाने, आणि देयकांची प्रकरण क्रमांकासह यादी मागावी. नावे द्यायला ते का-कू करतील, तर नावे वगळून द्या असेही लिहावे. प्रकरण क्रमांक हाती आला की उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर त्या तारखेचा आदेश विनाशुल्क उघडता येतो आणि कोण वकील हजर होते हे आदेशाच्या माथ्यावरच छापलेले असते. देयकातील तारीख आणि आदेशातील हजेरी जुळते का, एवढे ताडून पाहिले तरी पुष्कळ कळते. सर्वोच्च न्यायालयाच्या जुन्या आदेशांबाबत मात्र थोडे सावध असावे. तेथे युक्तिवाद न करणाऱ्यांचीही लांबलचक नावे हजेरीत येत असत, आणि प्रत्यक्ष उभे राहण्यास अधिकृत असलेल्यांचीच नोंद करावी, असे न्यायालयाला सप्टेंबर २०२४ मध्ये सांगावे लागले.

पहिले अपील उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत त्याच महामंडळाच्या अपिलीय प्राधिकाऱ्याकडे, २० रुपयांच्या न्यायालयीन मुद्रांकासह करावे. त्यावरही समाधान झाले नाही, तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. आपल्या पत्रावरील तारीख पाहता पहिल्या अपिलाच्या मुदतीतील फार थोडे दिवस उरले असतील, म्हणून हा अंक हाती पडण्याची वाट न पाहता हेच उत्तर आपल्याला टपालानेही पाठवले आहे.